राउटरवरील एसएसएम मल्टिकास्ट: मांडणी आणि चाचणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेल्या आमच्या जाळ्यावर दूरचित्रवाहिन्यांचे स्ट्रीम मल्टिकास्टने, म्हणजे एकाच प्रवाहातून अनेक ग्राहकांकडे एकाच वेळी, वाहून नेले जातात. ठिकठिकाणी राउटर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांकडून फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टंकाव्यात. उदाहरणांत सर्वत्र स्रोताचा पत्ता १९२.०.२.१० आणि गटाचा पत्ता २३२.१०.५.१ धरला आहे. त्यांपैकी १९२.०.२.०/२४ हा पट्टा केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेला असल्यामुळे तो प्रत्यक्ष जाळ्यात तसाच उतरवू नये.

## एसएसएम म्हणजे नेमके काय? नेहमीच्या मल्टिकास्टपेक्षा त्यात वेगळे काय आहे?

नेहमीच्या मल्टिकास्टमध्ये ग्राहकाचे यंत्र राउटरला एवढेच सांगते की, "मला अमुक गटाचे पॅकेट हवे आहेत." ते कोण पाठवतो आहे, हे शोधून काढण्याची जबाबदारी जाळ्यावर पडते. एसएसएममध्ये, म्हणजे स्रोतनिष्ठ मल्टिकास्टमध्ये, ग्राहकाचे यंत्र गट आणि स्रोत हे दोन्ही पत्ते एकाच मागणीत देते. त्यामुळे त्याच गटावर दुसरा कोणी पाठवू लागला, तरी त्याचे पॅकेट राउटर त्या ग्राहकाकडे नेत नाही. ही पद्धत २००६ साली आरएफसी ४६०७ मध्ये प्रमाणित झाली. तिला लागणारी आयजीएमपीची, म्हणजे ग्राहकाचे यंत्र ज्या प्रोटोकॉलने राउटरकडे गट मागते त्याची, तिसरी आवृत्ती त्याआधीच, २००२ साली, आरएफसी ३३७६ मध्ये आली होती.

या एका फरकातून पुढच्या बहुतेक सर्व गोष्टी निघतात. मागणी ग्राहकाकडून निघते आणि एकेक राउटर ओलांडत स्रोताकडे जाते. पॅकेट त्याच वाटेने उलटे येतात. म्हणून एसएसएममध्ये बिघाड शोधायचा तो नेहमी ग्राहकाच्या टोकापासून. आमच्याकडे गेलेला बहुतेक वेळ या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळेच गेला आहे, कारण चित्र आले नाही की प्रत्येकाचा हात आधी हेडएंडच्या, म्हणजे वाहिन्या जेथून निघतात त्या केंद्राच्या, एन्कोडरकडे जातो.

## आरपी खरोखरच लागत नाही का?

लागत नाही. आरपीचे, म्हणजे रांदेव्हू पॉइंट म्हणून नेमलेल्या राउटरचे, काम स्रोत आणि ग्राहक यांची गाठ घालून देणे हे आहे आणि येथे ग्राहकाला स्रोत आधीच ठाऊक असतो. एसएसएमच्या पट्ट्यात तारा-कॉमा-जी, म्हणजे गटाच्या कोणत्याही स्रोतासाठीची, नोंद तयार होत नाही, स्रोताची वर्दी आरपीला देणारे रजिस्टर संदेश जात नाहीत आणि एका आरपीकडून दुसऱ्याला स्रोत कळवणाऱ्या एमएसडीपीचीही गरज उरत नाही. जाळ्यात अन्य गटांसाठी आरपी असेल तर तो राहू द्यावा. त्याची यात अडचण होत नाही.

## गटासाठी कोणते पत्ते वापरावेत?

२३२.०.०.०/८ हा पट्टा एसएसएमसाठी राखलेला आहे. त्यातील २३२.०.०.० ते २३२.०.०.२५५ हे पत्ते मात्र वापरू नयेत.

पत्ते ठरवताना एक काळजी घ्यावी. इथरनेटवर मल्टिकास्टच्या आयपी पत्त्याचे केवळ शेवटचे २३ बिट मॅक पत्त्यात उतरतात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या गटांचा मॅक पत्ता एकच होतो. आपल्या उदाहरणातील २३२.१०.५.१ चा मॅक पत्ता ०१:००:५ई:०ए:०५:०१ असा होतो, आणि २३२.१३८.५.१ किंवा २३९.१०.५.१ यांचाही तोच. जे स्विच मॅक पत्त्यावरून पॅकेट वाटतात, त्यांच्यावर एका वाहिनीच्या ग्राहकाला दुसऱ्या वाहिनीचाही भार सोसावा लागतो. सर्व वाहिन्या २३२.१०.०.०/१६ सारख्या एकाच सलग पट्ट्यात ठेवल्या, तर त्यांची आपसांत तरी अशी टक्कर होत नाही.

## राउटरवर किमान कोणती मांडणी करावी लागते?

सिस्कोच्या आयओएस राउटरवर आधी "आयपी मल्टिकास्ट-राउटिंग" आणि "आयपी पिम एसएसएम डिफॉल्ट" या दोन सार्वत्रिक कमांड द्याव्यात. दुसरीमुळे २३२.०.०.०/८ हा पट्टा एसएसएमचा म्हणून मानला जातो. पिम म्हणजे राउटर ज्या प्रोटोकॉलने मागणी एकमेकांकडे पुढे पाठवतात तो. त्यानंतर स्रोताकडे जाऊ शकणाऱ्या प्रत्येक इंटरफेसवर आणि ग्राहकांच्या बाजूच्या इंटरफेसवर "आयपी पिम स्पार्स-मोड" द्यावे. ग्राहकांच्या बाजूला याशिवाय "आयपी आयजीएमपी व्हर्जन ३" देणे आवश्यक आहे, कारण आयओएसमध्ये मुळात दुसरी आवृत्ती चालू असते. ही एक ओळ राहून जाणे ही आम्हाला सर्वाधिक वेळा आढळलेली चूक आहे.

जुनिपरच्या जुनॉसमध्ये २३२.०.०.०/८ हा पट्टा मुळातच एसएसएमचा मानला जातो, मात्र आयजीएमपीची आवृत्ती तेथेही इंटरफेसवर स्वतः ३ करावी लागते. एफआरआर हे राउटिंग सॉफ्टवेअर चालवणाऱ्या लिनक्स राउटरवर इंटरफेसखाली "आयपी पिम" आणि ग्राहकांच्या बाजूला "आयपी आयजीएमपी" द्यावे. तेथे आयजीएमपीची तिसरी आवृत्ती आधीपासूनच चालू असते.

मधल्या राउटरला केवळ पिम स्पार्स मोड कळला, तरी एस-कॉमा-जी जॉइन, म्हणजे स्रोत आणि गट दोन्ही सांगणारी पिमची मागणी, पुढे जाते, म्हणून एसएसएमचा पट्टा तेथे जाहीर केला नाही तरी बहुधा काम चालते. तरीही आम्ही तो सर्वत्र जाहीर करतो. आज मधला असलेला राउटर उद्या एखाद्या गावाचा शेवटचा राउटर होतो आणि तेव्हा ही राहिलेली ओळ कोणाच्या ध्यानात नसते.

## सेट-टॉप बॉक्सला आयजीएमपीची तिसरी आवृत्ती येत नसेल तर काय करावे?

दुसऱ्या आवृत्तीच्या मागणीत स्रोताचा पत्ता लिहिण्यास जागाच नाही, आणि तशी मागणी २३२ च्या पट्ट्यात आली तर राउटर ती सोडून देतो. अशा वेळी शेवटच्या राउटरवर एसएसएम मॅपिंग करता येते. "आयपी आयजीएमपी एसएसएम-मॅप इनेबल" दिल्यावर कोणत्या गटासाठी कोणता स्रोत धरायचा, हे ॲक्सेस लिस्टच्या आधारे "आयपी आयजीएमपी एसएसएम-मॅप स्टॅटिक" या कमांडने सांगावे. डीएनएसमधून स्रोत शोधण्याची सोय यात आपोआप चालू होते. ती वापरायची नसेल तर "नो आयपी आयजीएमपी एसएसएम-मॅप क्वेरी डीएनएस" द्यावे. मॅपिंग हा जुनी यंत्रे बदलून होईपर्यंतचा उपाय समजावा, कारण स्रोताचा पत्ता बदलला की प्रत्येक गावच्या राउटरवर हात लावावा लागतो.

## राउटर ठीक आहे, तरी चित्र काही मिनिटांनी थांबते. दोष स्विचमध्ये असू शकतो का?

असू शकतो, आणि तो ओळखणे कठीण जाते. एका तालुक्याच्या गावी आम्हाला याचा अनुभव आला. बॉक्स सुरू करताच चित्र येई आणि चार-सहा मिनिटांत थिजे. बॉक्स बंद करून पुन्हा सुरू केला की परत तेच. एन्कोडर, फायबर, राउटर सर्व तपासून झाले. शेवटी बॉक्सच्या पोर्टवर लॅपटॉप लावून पॅकेट टिपले, तेव्हा २२४.०.०.१ या पत्त्यावर दोन प्रकारच्या आयजीएमपी क्वेरी, म्हणजे कोणाला कोणता गट हवा आहे अशा विचारणा, येताना दिसल्या. आमच्या राउटरची क्वेरी १२ बाइटची, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीची होती. दुसरी केवळ ८ बाइटची होती आणि ती ग्राहकाच्या आवारातील एका जुन्या स्विचकडून येत होती. त्या स्विचवर कोणीतरी कधीकाळी आयजीएमपी स्नूपिंगचा, म्हणजे मागण्या पाहून त्या-त्या पोर्टलाच पॅकेट देण्याच्या सोयीचा, क्वेरिअर (क्वेरी पाठवणारा) चालू करून ठेवला होता आणि त्याला केवळ दुसरी आवृत्ती येत होती.

घडत होते ते असे. सुरू होताना बॉक्सने जुनी क्वेरी ऐकलेली नसे, म्हणून तो तिसऱ्या आवृत्तीत स्रोतासह मागणी करी आणि चित्र येई. पुढे स्विचची क्वेरी येताच तो नियमाप्रमाणे दुसऱ्या आवृत्तीवर उतरे आणि स्रोताचा पत्ता गाळून उत्तर देऊ लागे. राउटर ती उत्तरे सोडून देई, आणि आधीच्या मागणीची मुदत, म्हणजे नेहमीच्या मांडणीत २६० सेकंद, संपली की पुरवठा थांबे. क्वेरिअरच्या निवडीत सर्वांत लहान आयपी पत्ता असणारा जिंकतो, पण ग्राहकाचे यंत्र जुन्या आवृत्तीवर उतरण्यासाठी ती क्वेरी कानावर पडणे एवढेच पुरेसे असते.

स्विचवरील क्वेरिअर बंद केल्यावरही चित्र लगेच स्थिरावले नाही आणि क्षणभर वाटले की निदानच चुकले. जुनी क्वेरी ऐकलेले यंत्र तिसऱ्या आवृत्तीवर परत येण्यापूर्वी तेवढेच २६० सेकंद थांबते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. अशी दुरुस्ती केल्यावर निदान पाच मिनिटे कशालाही हात लावू नये.

याखेरीज काही जुन्या स्विचना तिसऱ्या आवृत्तीच्या रिपोर्टचा, म्हणजे ग्राहकाच्या मागणीचा, अर्थ लागत नाही. हे रिपोर्ट २२४.०.०.२२ या पत्त्यावर जातात. ते पोर्टवर दिसतात पण राउटरपर्यंत पोहोचत नाहीत असे आढळले, तर तो स्विच बदलणेच योग्य.

## चाचणी कोणत्या क्रमाने करावी?

आधी ग्राहकाची मागणी शेवटच्या राउटरपर्यंत आली का, ते पाहावे. "शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स २३२.१०.५.१ डिटेल" दिल्यावर गटाखाली १९२.०.२.१० हा स्रोत दिसला पाहिजे. गट दिसतो पण स्रोतांची यादी रिकामी आहे, किंवा गटच दिसत नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. दोष ग्राहक, स्विच आणि आयजीएमपीची आवृत्ती या तिघांतच आहे.

मागणी आली असेल तर त्याच राउटरवर "शो आयपी आरपीएफ १९२.०.२.१०" द्यावे. स्रोताकडे परत जाण्याची वाट (तिच्या तपासणीलाच आरपीएफ म्हणतात) राउटरला ठाऊक आहे का आणि त्या वाटेवर पिमचा शेजारी आहे का, हे त्यावरून कळते. नंतर "शो आयपी एमराउट २३२.१०.५.१" द्यावे. शेवटच्या राउटरवर फ्लॅगमध्ये लहान लिपीतील एस, तसेच टी आणि आय ही अक्षरे दिसावीत: एस म्हणजे एसएसएमचा गट, आय म्हणजे स्रोतासह मागणी आल्याची खूण आणि टी म्हणजे पॅकेट त्या वाटेने प्रत्यक्ष वाहू लागल्याची खूण. एस आणि आय आहेत पण टी नाही, याचा अर्थ मागणी नोंदली गेली, पॅकेट आलेले नाहीत. "इनकमिंग इंटरफेस" समोर "नल" दिसले, तर राउटरला परतीची वाट सापडलेली नाही. शेजाऱ्याच्या जागी ०.०.०.० दिसले म्हणून मात्र घाबरू नये, कारण स्रोत थेट जोडलेल्या राउटरवर ते तसेच दिसते. इंटरफेसचे नाव खरे आहे ना, तेवढे पाहावे.

मग आरपीएफ शेजाऱ्याच्या राउटरवर जाऊन हेच पाहावे, आणि असे करत स्रोतापर्यंत जावे. सावंतवाडीचे चित्र गेले असेल तर कुडाळ, मग कणकवली, मग राजापूर, या क्रमाने एकेक राउटर. जेथे मागणी पोहोचलेली दिसत नाही, त्या राउटरच्या आणि त्याच्या अलीकडच्या राउटरच्या मधल्या लिंकवर दोष आहे. "शो आयपी पिम नेबर" मध्ये शेजारी दिसत नसेल, तर त्या इंटरफेसवर पिम राहिले आहे, किंवा एखादी ॲक्सेस लिस्ट प्रोटोकॉल क्रमांक १०३ अडवते आहे.

## स्रोत चालू आहे, तरी त्याला जोडलेल्या राउटरवर काहीच नोंद दिसत नाही. स्रोत बंद समजावा का?

समजू नये. नेहमीच्या मल्टिकास्टमध्ये स्रोताने पाठवायला सुरुवात केली की पहिल्या राउटरवर नोंद होते. एसएसएममध्ये नुसत्या पॅकेटमुळे नोंद होत नाही. कोणीतरी मागणी केली आणि तिची जॉइन तेथवर आली, तरच ती होते. स्रोताची खातरजमा त्याच्या पोर्टवर पॅकेट टिपूनच करावी.

## चाचणीसाठी एन्कोडर नसेल तर काय वापरावे?

दोन लॅपटॉप पुरेसे आहेत. आयपर्फ या जाळे तपासण्याच्या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती घ्यावी, कारण तिसऱ्या आवृत्तीत मल्टिकास्टची सोय नाही. पाठवणाऱ्या बाजूला यूडीपीने गटाच्या पत्त्यावर पाठवावे आणि ऐकणाऱ्या बाजूला गटाच्या पत्त्यासह "एसएसएम-होस्ट" हा पर्याय देऊन स्रोत सांगावा. चित्रच पाहायचे असेल तर व्हीएलसीमध्ये "यूडीपी://१९२.०.२.१०@२३२.१०.५.१:५०००" असा पत्ता द्यावा, पहिला भाग स्रोताचा, दुसरा गटाचा.

पाठवताना टीटीएलकडे, म्हणजे पॅकेट किती राउटरांपर्यंत जाऊ शकते त्या आकड्याकडे, लक्ष द्यावे. मल्टिकास्ट पॅकेटचा टीटीएल, वेगळे सांगितले नाही तर, १ असतो, आणि तसे पॅकेट पहिल्याच राउटरवर संपते. मांडणी अचूक, मागणी स्रोतापर्यंत पोहोचलेली, आणि तरी पलीकडे काही नाही, अशा वेळी सर्वप्रथम हेच तपासावे. आयपर्फमध्ये मोठ्या लिपीतील टी या पर्यायाने तो १६ किंवा ३२ करता येतो.

## चित्र दिसले, म्हणजे चाचणी पूर्ण झाली का?

नाही. चित्र दिसणे एवढ्यावरून एसएसएम चालते हे सिद्ध होत नाही. स्नूपिंग बंद असलेला स्विच सगळीकडे पॅकेट पसरत असेल, तरी चित्र दिसते. म्हणून आणखी दोन चाचण्या आम्ही सोडत नाही.

पहिली चाचणी नकाराची. दुसऱ्या जाळ्यातील लॅपटॉपवरून त्याच गटावर पाठवावे. ग्राहकाने १९२.०.२.१० हाच स्रोत मागितला असेल, तर या दुसऱ्या स्रोताचे एकही पॅकेट त्याच्या पोर्टवर येता कामा नये. मग ग्राहकाच्या बाजूला मुद्दाम चुकीचा स्रोत द्यावा. काहीही न येणे हेच तेथे योग्य उत्तर आहे.

दुसरी चाचणी सोडण्याची. ग्राहकाने वाहिनी बदलली की राउटर एकेका सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारतो आणि कोणाचेच उत्तर आले नाही तर पुरवठा थांबवतो. म्हणजे दोन-तीन सेकंदांत पोर्टवरील वाहतूक खाली यावी. ती चार मिनिटे तशीच राहिली, तर सोडल्याचा संदेश राउटरला मिळत नाही. पाच वाहिन्या भराभर चाळणाऱ्या घरी त्या पाचही वाहिन्यांचा भार एकाच वेळी लिंकवर पडतो आणि चित्र तुटू लागते.

## चित्रात चौकोन उमटतात, पण सर्व नोंदी बरोबर आहेत. असे का?

पॅकेट हरवत आहेत. एका यूडीपी पॅकेटमध्ये साधारणतः १८८ बाइटचे सात ट्रान्सपोर्ट पॅकेट, म्हणजे १३१६ बाइट असतात. हरवलेले पॅकेट पुन्हा मागण्याची सोय यात नाही, म्हणून वेब पाहताना न जाणवणारी गळतीही पडद्यावर उमटते. वाटेवरील प्रत्येक इंटरफेसवरील सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या पॅकेटची मोजणी, पाहाव्यात. देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा समुद्राला लागून असलेल्या ठिकाणी खाऱ्या हवेने तांब्याच्या तारेचे कनेक्टर हिरवे पडतात. ते बदलल्यावर चुकांचे आकडे शून्य करून तासाभराने पुन्हा पाहावे.

## पावसाळ्यात फायबर तुटल्यावर इंटरनेट चालू राहते, पण चित्र मात्र जाते. याचे कारण काय?

महामार्गाकडेची फायबर दरड कोसळून किंवा खोदकामात तुटणे हे आपल्याकडे दर पावसाळ्यात ठरलेलेच आहे. राजापूर आणि कणकवली यांच्या मधली लिंक गेली की युनिकास्टची, म्हणजे एकाकडून एकाकडे जाणाऱ्या नेहमीच्या वाहतुकीची, वाट बदलते आणि वाहतूक आंबा घाटाने कोल्हापूरला चढून करूळ घाटाने पुन्हा खाली उतरते. ग्राहकांचे इंटरनेट काही सेकंदांत परत येते, म्हणून सर्वांना वाटते की पर्यायी वाट उत्तम आहे.

मल्टिकास्टची वाट मात्र युनिकास्टच्या वाटेवरून, पण उलट्या दिशेने ठरते. कणकवलीच्या राउटरला स्रोत आता घाटाच्या बाजूला दिसतो, म्हणून तो जॉइन तिकडे पाठवू पाहतो. त्या इंटरफेसवर पिम दिलेलेच नसेल, तर जॉइन जाणार कोणाकडे? पर्यायी वाटेवरील प्रत्येक राउटरच्या दोन्ही बाजूंच्या इंटरफेसवर पिम असणे अपरिहार्य आहे, मग ती वाट वर्षातून चारच दिवस वापरली जात असली तरी. वाट भाड्याची असेल आणि मधले राउटर आपले नसतील, तर त्यावरून टनेल, म्हणजे आपल्या दोन राउटरांमधील आभासी लिंक, टाकून टनेलवर पिम चालवावे लागते, आणि आरपीएफ टनेलकडे वळावे म्हणून "आयपी एमराउट" ची स्थिर नोंद करावी लागते.

या स्थिर नोंदींची यादी ठेवावी. स्थिर नोंद युनिकास्टच्या वाटेला बाजूला सारते, आणि दोन राउटरांच्या मध्ये स्विच असला तर पलीकडची फायबर तुटूनही अलीकडचा इंटरफेस चालूच दिसतो. राउटर तुटलेल्या वाटेलाच चिकटून राहतो. दोन वर्षांपूर्वी कोणत्या तरी चाचणीसाठी केलेली आणि विसरलेली अशी एक ओळ सबंध तालुक्याचे चित्र बंद पाडू शकते.

म्हणून दर मे महिन्यात, मिरगाच्या आधी, मुख्य लिंक रात्री मुद्दाम बंद करून पाहावी. चित्र किती सेकंदांत परत येते ते घड्याळ लावून मोजावे. युनिकास्ट स्थिरावल्यावर नवी जॉइन लगेच निघते. ती वाटेत हरवलीच तर पुढची जॉइन ६० सेकंदांनी जाते. मिनिटाहून अधिक वेळ लागत असेल तर त्या वाटेवर आणखी काही राहिले आहे असे समजून एकेक राउटर पाहावा. पर्यायी वाट रेडिओची असेल आणि ती १० गिगाहर्ट्झच्या वर चालत असेल, तर कोरड्या रात्रीच्या चाचणीवर विसंबू नये. मुसळधार पावसात तिची क्षमता घटते, आणि तेव्हा किती वाहिन्या तिच्यावरून न्यायच्या हे आधीच ठरवलेले असावे.

## आयपीव्ही६ वर हे चालते का?

चालते. आयजीएमपीच्या जागी एमएलडीची दुसरी आवृत्ती लागते आणि गटाचे पत्ते एफएफ३ ने सुरू होणाऱ्या पट्ट्यात घ्यावे लागतात. चाचणीचा क्रम तोच.

## सुरक्षेसाठी काय करावे?

ग्राहकाने न मागितलेला स्रोत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे एसएसएमचे मोठेच संरक्षण आहे. तरीही ग्राहकांच्या बाजूने २३२.०.०.०/८ कडे येणारे पॅकेट इंटरफेसवरच अडवावेत, कारण खोटा स्रोत पत्ता लावून कोणी पाठवू शकतो. शिवाय "आयपी आयजीएमपी लिमिट" ने प्रत्येक इंटरफेसवरील मागण्यांना मर्यादा घालावी. बिघडलेला एकच बॉक्स शेकडो गट मागू लागला, तर त्या प्रत्येक मागणीची नोंद स्रोतापर्यंतच्या सर्व राउटरांवर होते.

## मदत मागताना सोबत काय पाठवावे?

ग्राहकाच्या पोर्टवर टिपलेले निदान पाच मिनिटांचे पॅकेट पाठवावेत, म्हणजे १२५ सेकंदांनी येणारी क्वेरी त्यात दोनदा तरी सापडेल. त्याच वेळेचे आयजीएमपी, आरपीएफ आणि एमराउट या तीन कमांडचे आउटपुट शेवटच्या राउटरवरून घ्यावे. चित्र थांबल्याची वेळ सेकंदापर्यंत लिहावी, आणि त्या आधीच्या तासाभरात कोणत्या लिंकला, स्विचला किंवा वीजपुरवठ्याला काय झाले, तेही कळवावे. राउटर पुन्हा सुरू करून पाहिला असेल तर ते अवश्य सांगावे, कारण त्याने आधीच्या नोंदी पुसल्या जातात आणि आम्ही नसलेल्या गोष्टीचा शोध घेत बसतो.